दरवाजाचा तांब्या

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की त्या गडाचे चिरेसुद्धा आता माती झाले असतील. राजा राहायचा गडावर आणि पाण्याची विहीर पार पायथ्याला. पहाट झाली की पाणके डोक्यावर घागरी घेऊन चढायला लागायचे. वर पोचल्यावर घागरीत जेवढं पाणी, तेवढी ज्वारी मजुरीची.

एकदा प्रधानानं सुचवलं, राज्याला खर्च फार. तेव्हा दर दरवाजात घागरीमागे एक तांब्या पाणी कर म्हणून घ्यावं. थेंबे थेंबे तळे साचे, असंही वर म्हणाला. राजाला वाटलं, तांब्याभर पाण्यानं कुणाचं काय जातंय? त्यानं मान डोलावली.

अहो, पण गडाला दरवाजे होते पाच! वर येईतो घागर अर्धी आणि मजुरीही अर्धी. सरदारांच्या बैलांवरच्या पखाली मात्र मानाच्या, त्यांना कर माफ. आणि गोळा झालेलं पाणी जायचं कुठं? त्याच सरदारांच्या हौदांत, कारंज्यांत. आंधळं दळतंय अन् कुत्रं पीठ खातंय, दुसरं काय! राजानं कधी चौकशीसुद्धा केली नाही.

एके दुपारी गडावरच्या धान्याच्या कोठाराला आग लागली. सगळ्या गडाचं वर्षाचं अन्न त्यात. राजा अनवाणीच धावत आला. पाणी आणा म्हणून निरोप खाली गेला, पाणके निघाले, पण वर काही कुणी येईना.

शेवटी चिमा नावाची पाणी भरणारी बाई धापा टाकत पोचली. तिच्या घागरीत राजानं डोकावून पाहिलं, तर पाणी निम्मंच. तो संतापला. कोठार जळतंय आणि ही अर्धी घागर घेऊन येते!

चिमा म्हणाली, "विहिरीवर काठोकाठ भरली होती, महाराज. पाच दरवाजांनी आपापला तांब्या काढून घेतला."

"आत्ता? आग लागलेली असताना?"

"आत्ताच. मागचे अजून रांगेत उभे आहेत."

राजाचा विश्वासच बसेना. तो तसाच दरवाजाकडे पळाला आणि पाहतो तर काय, डोक्यावर आभाळभर धूर आणि खाली दरवाजावरचा शिपाई शांतपणे एकेका घागरीत तांब्या बुडवतोय! शेजारी सरदाराचं कारंजं थुईथुई उडत होतं. राजाला पाहून शिपायानं मुजरा केला आणि सांगितलं, हुकूम महाराजांचाच आहे, आगीच्या दिवशी माफ असं कुणी म्हणालं नव्हतं.

हौद फोडा, असं राजा ओरडेपर्यंत कोठाराचं छप्पर खाली आलं होतं.

राखेपुढे उभा राहून त्यानं चिमाला विचारलं, "रोज एवढंच उरतं तुझ्या घागरीत?"

"रोज. आमच्या चुली कधीच्याच विझल्यात, महाराज. आज तुमचं कोठार जळालं, म्हणून तुम्हाला दिसलं."

त्या वर्षी राजवाड्यातही दिवसातून एकच वेळ जेवण शिजलं. राजानं पाणक्यांचा कर उठवला आणि तो हौदवाल्यांवर बसवला. पण जळालेलं धान्य काही परत आलं नाही.

तात्पर्य: कष्टकऱ्याची घागर रिकामी करून ज्यांचे हौद भरले जातात, ते संकटात राज्याच्या कामी येत नाहीत.