बाविसाव्या पानावरची सूचना

एकदा एका कारखान्यांच्या गावात एक वृद्ध लेखक राहत होते. पण ते लेखक आहेत हे गावात फारसे कोणाला ठाऊकच नव्हते. त्यांनी ना कधी कथा लिहिली, ना कविता. पाण्याचा पंप, फवारणीयंत्र किंवा पिठाची गिरणी विकत आणली की खोक्यातून एक पातळ पुस्तिका निघते. यंत्र कसे बसवावे, कसे चालवावे, काय करू नये, हे तीत लिहिलेले असते. तसल्या पुस्तिका ते लिहीत. चाळीस वर्षांत त्यांनी तीनशेच्या वर पुस्तिका लिहिल्या आणि एकीवरही त्यांचे नाव छापले गेले नाही. आपले वडील नेमके करतात तरी काय, हे सासरच्यांना समजावून सांगताना त्यांच्या लेकीच्या नाकी नऊ येत. गाव त्यांना नुसते अण्णा म्हणे.

अण्णांकडे एक तरुण हे काम शिकायला आला. विज्ञानाची पदवी घेतलेला, भाषेवर उत्तम हुकमत असलेला आणि चार लोकांत उठून दिसण्याची मनापासून हौस असलेला. तांत्रिक लेखनाला आता चांगले दिवस येणार, कारखान्यांना आपल्यासारख्यांची गरज पडणार, असे त्याने पुरते हेरले होते, आणि त्यात त्याचे काही चुकले नव्हते. लहान वाक्य कसे लिहावे, एका पायरीत एकच कृती कशी सांगावी, चित्राला आकडे कसे द्यावेत, हे त्याने वर्षभरात आत्मसात केले. चार वर्षे झाली तेव्हा त्याची भाषा गुरूपेक्षाही स्वच्छ झाली होती. अण्णा तसे उघडपणे म्हणत, आणि शिष्याला ते ऐकायला फार आवडे.

अण्णांची एक रीत मात्र त्याच्या पचनी पडली नाही. पुस्तिकेचा कच्चा मसुदा झाला की अण्णा तो पिशवीत घालून अशा कोणाच्या तरी घरी जात, ज्याने ते यंत्र आधी पाहिलेलेही नाही. मसुदा त्याच्या हाती देत आणि स्वतः तोंड मिटून दाराशी बसून राहत. याला ते 'दारी बसणे' म्हणत. तो माणूस वाचे, स्क्रू उलटा फिरवी, डोके खाजवी, पुन्हा वाचे. अण्णा अवाक्षर बोलत नसत, फक्त कागदावर खूण करीत. "जिथे त्याचा हात थांबतो ना, तिथे आपले वाक्य चुकलेले असते," असे ते सांगत. शिष्याला वाटे, म्हाताऱ्याला माणसांत बसायला आवडते, म्हणून ही सबब काढली आहे. यंत्र ज्यांनी बनवले त्या इंजिनिअरांनी मसुदा तपासून सही केली, की आणखी कोणाला विचारायचे?

पुढे एक मोठा व्यापारी कडबाकुट्टीचे नवे यंत्र बाजारात आणू लागला. गुरांसाठी कडबा बारीक चिरणारे, विजेवर चालणारे. त्याने पुस्तिकेचे काम या तरुणाला दिले आणि सांगितले, पुस्तिका मनासारखी झाली तर शहरातल्या कचेरीत या कामाचा वेगळा विभाग उघडू आणि तुम्हालाच त्याचा प्रमुख करू. व्यापाऱ्याची अट एकच होती. पुस्तिका उघडताच गिऱ्हाइकाला भीती वाटता कामा नये. जागोजागी 'सावधान', 'धोका' असे लिहिलेले यंत्र कोण घरी नेईल? शिष्याला ही अट जाचक तर वाटली नाहीच, उलट सोयीची वाटली. त्याने धोक्याच्या सोळाच्या सोळा सूचना पायऱ्यांमधून उचलल्या आणि बाविसाव्या पानावर एका सुबक चौकटीत एकाखाली एक मांडल्या. पान इतके देखणे दिसत होते की तो स्वतःच ते पुन्हा पुन्हा उघडून पाही.

पुस्तिका पुरी झाली तेव्हा तो आनंदाने अण्णांकडे गेला.

"मालकांनी पसंत केली, अण्णा. प्रमुखाची जागा आता नक्की समजा."

"वा! कोणाच्या दारी बसून आलास?"

"अहो, वेळ कुठे आहे? सोमवारी छपाईला जायची आहे. इंजिनिअरांनी दोनदा तपासली आहे."

अण्णा काहीतरी बोलणार होते. पण समोरच्या चेहऱ्यावरचा आनंद त्यांनी पाहिला, आणि "बरं," एवढेच म्हणून ते चहा टाकायला उठले.

शिष्य प्रमुख झाला. त्याला स्वतंत्र खोली मिळाली, हाताखाली दोन माणसे मिळाली, एका समारंभात शाल आणि श्रीफळही मिळाले. वर्षभराने त्याच्या टेबलावर एक तक्रार आली. एका खेड्यात कडबाकुट्टीत एका बाईंच्या उजव्या हाताची तीन बोटे तुटली होती. पुस्तिकेच्या सहाव्या पानावर लिहिले होते: 'चारा अडकल्यास बटण बंद करावे, झाकण उघडावे आणि अडकलेला चारा हाताने काढावा.' बाईंनी नेमके तेच केले होते, आणि त्याच क्रमाने. बटण बंद केल्यावरही पाते अर्धा मिनिट फिरत राहते आणि ते पुरते थांबल्यावाचून झाकण उघडू नये, ही सूचना बाविसाव्या पानावर, त्या सुबक चौकटीत, अकराव्या क्रमांकावर होती.

कचेरीने प्रमुखाचे मत मागितले. त्याने लिहून दिले: 'सदर सूचना पुस्तिकेत पृष्ठ बावीसवर स्पष्टपणे दिलेली आहे. वापरकर्त्याने पुस्तिका पूर्ण वाचलेली नाही.' दोन्ही वाक्ये अक्षरशः खरी होती. तेच उत्तर कंपनीच्या पत्रातून त्या बाईंना गेले आणि प्रकरण मिटले. त्याच्या मनातून मात्र ते मिटेना. जेवताना, गणवेशातल्या शिपायाने दार उघडून धरले असताना, मध्येच ते बाविसावे पान डोळ्यांपुढे येई. शेवटी एका रविवारी तो पुस्तिका घेऊन अण्णांकडे गेला. खरे सांगायचे तर 'तुझी चूक नाही' एवढे त्याला त्यांच्या तोंडून ऐकायचे होते.

अण्णांनी पुस्तिका शांतपणे वाचली. सहावे पान वाचले, बाविसावे वाचले, मग पुन्हा सहावे. त्यांनी चूक म्हटले नाही, बरोबरही म्हटले नाही. चष्मा काढून खिशात ठेवला, टोपी घातली आणि म्हणाले, "त्यांचा पत्ता असेल ना तुझ्याकडे? चल."

या कथेत गुरूला नाव नाही आणि शिष्यालाही नाही. पण त्या बाईंचे नाव सांगितलेच पाहिजे, कारण पुस्तिका लिहिताना ते कोणी विचारलेच नव्हते. त्या हौसाबाई. सातवीपर्यंत शिकलेल्या. खताच्या पोत्यावर काय छापले आहे, बाटलीतले औषध किती वेळा घ्यायचे, ग्रामपंचायतीची नोटीस काय म्हणते, हे विचारायला आळीतली माणसे त्यांच्याकडे येत, आणि त्यांना त्याचा अभिमान होता. एस.टी.तून उतरून दोघे विचारत विचारत त्यांच्या घरी पोहोचले, तेव्हा त्या सोप्यात बसून डाव्या हाताने शेंगा निवडत होत्या.

अण्णा त्यांच्यासमोर उभे राहिले, हात जोडले आणि म्हणाले, "ताई, त्या यंत्राबरोबर आलेली पुस्तिका मी लिहिली. चूक माझी आहे. तुमची माफी मागायला आलो."

शिष्य चमकला. त्या पुस्तिकेतला एक शब्दही अण्णांचा नव्हता.

हौसाबाई गडबडीने उठल्या. "अगं बया, तुमी वडीलधारं मानूस, हात कशाला जोडताय? चूक माझीच हाय. कंपनीचं पत्र आलंय की! बाविसाव्या पानावर लिवलेलं हाय म्हणं. म्या सहाव्या पानावरनंच उठले. घरात बी समदी त्येच म्हणत्यात, शिकलेली म्हणवून घेतीस आनि पुस्तक पुरं वाचलं न्हाईस. आता माझ्याकडं बोलाया काय हाय?"

शिष्याला आपले वाक्य ओळखू आले. त्याने ते कचेरीसाठी लिहिले होते. ते या घरात येऊन बसेल आणि घरातली माणसे रोज या बाईला ऐकवतील, हे त्याच्या स्वप्नातही आले नव्हते. 'ताई, ते पत्र माझे आहे आणि ही पुस्तिकाही माझी आहे', एवढेच त्याला बोलायचे होते. पण पुढच्या महिन्यात त्याची नेमणूक कायम व्हायची होती. तो आपल्या चपलांकडे पाहत राहिला. हौसाबाईंनी डाव्या हाताने कप धरून चहा दिला. तो त्याने मुकाट्याने प्यायला आणि तशीच वेळ निघून गेली.

परतताना एस.टी.च्या थांब्यावर त्याने कसेबसे विचारले, "अण्णा, तुम्ही खोटे का बोललात?"

अण्णा म्हणाले, "फारसे खोटे नव्हते रे ते. कथा वाचणारा मोकळ्या हाताने वाचतो. आपला वाचक एक ओळ वाचतो, तेवढे काम करतो आणि मग दुसऱ्या ओळीकडे वळतो. जी सूचना हात पुढे जाण्याआधी भेटत नाही, ती लिहिली काय आणि न लिहिली काय, सारखेच. हे तुला पुस्तकातून कळणार नव्हते. कोणाच्या दारी बसला असतास तर पहिल्या दुपारी कळले असते. तू न बसता आलास, हे मला समजले होते. तुझी जागा जाईल, तू रागावशील, म्हणून मी 'बरं' म्हणून गप्प बसलो. तेवढी चूक माझी होती. ती मी आज त्यांच्या पायाशी ठेवून आलो. उरलेली तुझी आहे. ती अजून तिथेच पडली आहे. कधी उचलायची ते तू पाहा."

शिष्य म्हणाला, "उचलीन, अण्णा. नेमणूक कायम होऊ दे."

नेमणूक कायम झाली. मग नवे यंत्र आले, नव्या पुस्तिका आल्या. जाऊ, पुढच्या महिन्यात जाऊ, असे करता करता पावसाळा गेला, दिवाळी गेली. पौषात निरोप आला की अण्णा गेले. त्या दिवशी शिष्य आपल्या खोलीचे दार लावून रडला. गुरू गेल्याचे दुःख होतेच. पण ती चूक आपण उचलली हे अण्णांना आता कधीच सांगता येणार नाही, हे त्याहून जास्त खुपत होते. मग तिथेच बसून त्याने आपले जुने मत मागे घेणारा कागद लिहिला: 'सूचना पुस्तिकेत होती, परंतु जेथे हवी होती तेथे नव्हती. दोष वाचणाऱ्याचा नसून लिहिणाऱ्याचा, म्हणजे माझा आहे.' व्यापारी आधी संतापला, "मिटलेलं प्रकरण कशाला उकरून काढता?" म्हणाला; पण माणूस अगदीच वाईट नव्हता. सहावे पान बदलून पुस्तिका नव्याने छापली गेली. शिष्याची जागा मात्र गेली.

नवी पुस्तिका आणि तो कागद घेऊन तो हौसाबाईंकडे गेला. दारातच उभा राहून त्याने अण्णांच्या त्या दिवशीच्या माफीसकट सगळे सांगितले.

हौसाबाईंनी त्याला निरखून पाहिले. "म्हंजी त्या दिशी अण्णांच्या मागं गप बसलेलं, ते तुमी."

"होय."

"आनि अण्णा?"

"गेले. महिना झाला."

त्यांनी पदर तोंडाला लावला. म्हणाल्या, "देवमानूस हुता." त्यांनी आपल्याला चार शब्द सुनावले असते तर बरे, असे त्याला वाटले.

त्याने दोन्ही कागद पुढे केले. "हे घरात सगळ्यांना दाखवा, ताई. तुमची चूक नव्हती, असे यात लिहून दिले आहे. आणि ही नवी पुस्तिका. आता पाते थांबू देण्याची सूचना आधी आहे, मग झाकण. एकदा वाचून पाहा."

हौसाबाईंनी हात पुढे केला नाही. "तुमीच वाचून दावा."

"तुम्हाला तर छान वाचता येतं."

"येतंय की. पर त्या दिसापास्नं छापलेलं काय बी वाचत न्हाई मी. पोतं न्हाई, बाटली न्हाई, नोटीस न्हाई. आळीतल्या बाया येत्यात, त्यास्नी सांगते, दुसरीकडं जावा. लिवनारा कोन, त्यानं फुडल्या पानावर काय दडवून ठिवलंय, मला काय ठावं?"

इतके महिने त्याने मनात फक्त तीन बोटांचा हिशेब धरला होता. आपण आणखी काय तोडले, ते त्याला आता कळले. तो उंबऱ्याशी खाली बसला आणि पहिल्या पानापासून सावकाश, मोठ्याने वाचू लागला. पहिली ओळ संपताच हौसाबाईंनी त्याला थांबवले.

"ह्येच्या फुडं काय लिवलंय, ते आदी सांगा."

त्याने सांगितले. मग दुसरी ओळ वाचली, आणि त्यांनी पुन्हा तेच विचारले. शेवटच्या पानापर्यंत त्या प्रत्येक ओळीला तेच विचारत राहिल्या, आणि तो प्रत्येक वेळी सांगत राहिला.