पर्वतराजांना लागू पडलेली मात्रा

पालखीची दांडी कडाड्‌कन मोडली आणि पर्वतराजे भर बाजारात धुळीत बसले!

“भोई वाकला म्हणून दांडी मोडली!” महाराज गरजले. “टाका त्याला कोठडीत!”

कोठडीत आधीच दोघे होते. एक शिंपी. त्यानं शिवलेला अंगरखा महाराजांच्या अंगावर आखडला होता. दुसरा सुतार. त्यानं केलेला जेवणाचा पाट महाराजांच्या खाली दिवसेंदिवस अरुंद होत होता. महाराज जाड झाले, असं राज्यात कुणी म्हणत नसे. वस्तू आखडत होत्या, एवढंच.

राजवैद्यांनी एकदा धीर करून ‘लंघन’ हा शब्द उच्चारला. “उत्तम!” महाराज म्हणाले, “आजपासून तुम्ही करा!” तेव्हापासून वैद्यबुवा भिंत धरून चालत. इकडे महाराजांना करपट ढेकर येत, छातीत जळजळ होई, हातातलं सोन्याचं कडं मनगटात रुतून बसलं होतं. आणि हसले की अंगरख्याचे बंद तटातट तुटत. म्हणून दरबारात विनोदाला बंदी होती.

दुसऱ्या दिवशी भोयाची बायको गोजरा दरबारात हजर झाली. लग्नात बावरलेल्या नवरीच्या कानात उखाणा सांगायला पंचक्रोशीत तिलाच बोलावत. घरी चुलीपुढे दोन पाट तसेच मांडलेले ठेवून ती आली होती.

“कुणाला सोडवायला आलीस?” महाराजांनी विचारलं.

“आमच्या ह्यांना.”

“ह्यांना म्हणजे कुणाला? नाव सांग!”

“नवऱ्याचं नाव असं उगीच घेतात होय, महाराज? उखाणा हवा, काही निमित्त हवं!”

“मग बसू दे त्याला आत!”

पण मागं सरेल ती गोजरा कसली! ती म्हणाली, “आखडलेला अंगरखा मी पुन्हा मोकळा करून दाखवला तर?”

महाराज पुढं सरकले. सिंहासन कुरकुरलं.

“दसऱ्याला मी तोच अंगरखा घालीन. बसला तर नवरा तुझा. नाही बसला तर तूही कोठडीत! पण ऐक. माझ्या ताटातला एकही पदार्थ कमी होणार नाही. कडू काढा मी घेणार नाही. आणि ‘पुरे’ हा शब्द माझ्यापुढं कुणी काढायचा नाही!”

“नको काढायला. माझ्याकडं मात्रा आहे.”

“कडू असेल!”

“तुम्ही कराल तितकी गोड.”

“आणि पथ्य?”

“एकच. प्रत्येक घासाआधी राणीसाहेबांचं नाव घ्यायचं, उखाण्यात! आणि उखाणा नवा हवा. एकदा घेतलेला पुन्हा चालणार नाही.”

“बस्स? एवढंच?” महाराजांनी मिशीला पीळ दिला. “दिला शब्द!”

दुपारी पान मांडलं. राणीसाहेब शेजारी येऊन बसल्या. महाराजांनी भातावरच्या तुपाकडं पाहिलं आणि ठणकावून म्हणाले,

“तुपावर तूप, तुपाची धार, सगुणाराणी माझ्या गळ्यातला हार!”

राणीसाहेबांनी पदर सावरला. आपलं नाव महाराजांच्या तोंडून शेवटचं कधी ऐकलं, ते त्यांना आठवेना.

दुसरा घास. “जिलबीला वेढे, वेढ्यांत पाक, सगुणाराणीचं सरळ नाक!”

चार-दोन घास झोकात गेले. मग महाराज बोटांवर अक्षरं मोजू लागले. एखादं कमी पडे, एखादं जास्त होई. जुनाच उखाणा आला की राणीसाहेब ताटावर हात आडवा धरत. “हा झालाय!” भात निवला, तूप थिजलं, बासुंदीवर जाड साय धरली. महाराजांच्या कपाळावर घाम आला. शेवटी ते हताश होऊन ओरडले,

“भरल्या वांग्याला काळा मसाला, सगुणाराणी, मी राजा झालो कशाला!”

वांगं तोंडात गेलं. महाराज बराच वेळ ते चावत राहिले. मग पोटावर हात ठेवून चकित होऊन म्हणाले, “पुरे!”

सगळे चपापले. तो शब्द खुद्द महाराजांनीच काढला होता!

थोड्याच दिवसांत खाण्यावरचे उखाणे संपले. नवे शब्द शोधायला बाहेर पडावं, तर पालखीला पडदे; आतून दिसणार काय? महाराज पायी निघाले. कधी कुंभाराच्या दारी, कधी नदीकाठी, तर कधी गावामागच्या टेकडीवर. तिथून धापा टाकत आले आणि ताटावर बसून म्हणाले,

“टेकडीच्या माथ्यावर बोरीचं झाड, सगुणाराणी, चढण किती द्वाड!”

ढेकर बंद झाले. जळजळ थांबली. राणीसाहेब तर जेवणाची वेळ होण्याआधीच येऊन बसू लागल्या.

दसरा उजाडला. अंगरखा आणला. महाराजांनी हात घातले, बंद बांधले आणि आत वारासुद्धा खेळू लागला!

“शिंपी मोठा लबाड!” महाराज म्हणाले. “कोठडीत बसून यानं अंगरखा वाढवला कसा?”

मग महाराज गोजराकडं वळले. “पण तू मला फसवलंस! सहाणेवर काही उगाळलं नाहीस, मधातून काही चाटवलं नाहीस. नुसतं पथ्यच करायला लावलंस! तुझी ती मात्रा कुठं आहे?”

“अहो महाराज, वैद्याची मात्रा सहाणेवर उगाळतात. उखाण्याची मात्रा जिभेवर! अक्षर कमी पडलं की बोटांवर मोजत बसायचात, त्या ओळीच्या मात्राच ना? घासागणिक मात्रा घेतलीत आणि वर मलाच विचारता, मात्रा कुठं आहे!”

“लागू पडली!” भिंतीला टेकलेले वैद्यबुवा पुटपुटले.

महाराजांनी आपल्याच बोटांकडं पाहिलं. मग म्हणाले, “बरं! आता निमित्त आहे. घे नाव, सोडतो त्याला!”

गोजरानं डोक्यावरचा पदर नीट केला.

“शिंप्याचा अंगरखा, सुताराचा पाट, रावबांना सोडा, पाहते मी वाट!”

“वा! एका उखाण्यात तिघांना सोडवलंस की!” महाराजांनी मनगटाला नुसता हात लावला, तर कडं आपोआप निसटून आलं. “घे, हे तुझं! सोडा रे तिघांना! आणि वैद्यबुवांना कुणीतरी पान वाढा!”

वैद्यबुवा क्षीण आवाजात म्हणाले, “उखाण्याशिवाय चालेल ना, महाराज?”

महाराज खदखदून हसले. सरदारांनी सवयीनं डोळे गच्च मिटले. पण अंगरख्याचा एकही बंद तुटला नाही!