छोट्या पातेल्यातली खिचडी

“...पण बाबा, दहा कल्पनांतली कुठली टिकणार, हे आधीच कसं ओळखायचं?”

लतीफबाबांना हे विचारणाऱ्या हेमलता घोरपड्यांचा पंपांचा कारखाना होता. कामगारांनी नवं काही करून पाहावं म्हणून त्यांनी वेगळी खोली बांधली, बक्षिसं लावली. आता त्या खोलीकडे कुणी फिरकत नव्हतं. वडील अडचणीत या दर्ग्यावर येत, म्हणून त्या आल्या होत्या.

लतीफबाबा फकीर. दर्ग्यावर येईल त्याला रोज जेवू घालायचे. त्यांनी नुसती चटई पुढे सरकवली.

“आधी जेवून घे, बेटी.”

स्वयंपाक करणारी चाँदबी दोन ताटं घेऊन आली. बाहेर पंगतीत मोठ्या डेगेतली नेहमीची खिचडी वाढली जात होती. या ताटांत छोट्या पातेल्यातली होती. चाँदबीनं आज नवा मसाला करून पाहिला होता.

हेमलताबाईंनी एक घास घेतला. कडू... घशाखाली उतरेना. त्यांनी ताट बाजूला सारलं.

चाँदबी दाराशीच थांबली होती.

“बिघडली, बाबा.”

बाबा सावकाश खात होते. “मेथी करपली का?”

“दाणे जास्त भाजले गेले.”

“मग उद्या?”

“आच मंद ठेवते. आणि निम्मेच घालते.”

“घाल. पहिलं ताट मला दे.”

चाँदबी हसून आत गेली. बाबांनी ताट बोटानं निपटून स्वच्छ केलं.

हेमलताबाईंना राहवलं नाही. “इतकं कडू खाल्लंत कसं?”

“तुझ्याकडे बिघडलेलं कोण खातं, बेटी?”

...

हेमलताबाईंना ओंकार मगदूम आठवला. त्या खोलीत त्यानं बनवलेला नवा पंप त्यांनी पुरता तपासण्याआधीच विक्रेत्यांना दाखवायला लावला होता. तो सगळ्यांसमोर बंद पडला, तेव्हा भर बैठकीत त्यांनी विचारलं होतं, चूक कुणाची? सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या होत्या. त्या दिवसापासूनच ती खोली ओस पडली. उद्या त्याला कामावरून काढायचं, असं ठरवूनच त्या घरातून निघाल्या होत्या.

त्यांनी ताट पुन्हा पुढे ओढलं.

एक घास. मग दुसरा. ठसका लागला, तरी त्या थांबल्या नाहीत.

“उद्या मगदूमपाशी जाऊन बसते,” त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. “तो पंप दोघं मिळून उघडून बघू. आणि विक्रेत्यांना सांगते, घाई माझी होती.”

बाबांनी पाण्याचा तांब्या त्यांच्याकडे सरकवला.

“पण बाबा... पुन्हा बिघडलं तर?”

“पुन्हा भूकही लागेल, बेटी. पातेलं पुन्हा चढवायचं.”