हार्ड डिस्कचं सुतक

विषय: 'राजलक्ष्मी' छापाची हार्ड डिस्क, आजीवन हमी असूनही, बंद पडल्याबाबत.
संदर्भ: लग्नपत्रिका छापणारी सगुणा, राहणार कासारगल्ली, हिचा अर्ज.

उपरोक्त विषयी सादर की, डिस्कचा कारखाना खुद्द सोनगिरीच्या महाराजांचा असल्याने अर्ज थेट दरबारात गेला. महाराजांनी डिस्क कानाशी धरून हलवली. आतून खुळखुळा वाजला.

"आजीवन म्हणजे डिस्कच्या आयुष्यभर," ते म्हणाले. "ही मेली. आयुष्य संपलं, हमी संपली!"

दरबार 'वाहवा' म्हणाला. त्याला पगार त्याचाच होता.

"आणि जिवंतपणी आणली असती तर?" सगुणेने विचारले.

"चालत्या डिस्कची तक्रार कसली?" महाराज स्वतःवरच खूश झाले. "मेल्या डिस्कची हमी मिळवून दाखव! दिवस मावळायच्या आत. नाहीतर दुकानाला कुलूप!"

पत्रिकांची नक्षी सगुणेने दुसरीकडे उतरवून ठेवली होती. राजाच्या मालावर विसंबण्याइतकी ती राजनिष्ठ नव्हती. पण ऐन लग्नसराईत कुलूप म्हणजे चूल बंद!

ती घरी गेली आणि तासाभरात परतली, ती पांढऱ्या फडक्यात डिस्क गुंडाळून, गळा काढत.

"अगं माझे बाई! ऐन भरात गेलीस गं!"

दिवाणजी धावले. "काय गं हा तमाशा? उद्या युवराजांची हळद आहे!"

"म्हणून तर कळवायला आले, दिवाणजी. राजघराण्याची लेक गेली. महाराजांना सुतक लागलं."

"कुणाची लेक?" महाराज ओरडले.

सगुणेने सोबत आणलेलं डिस्कचं खोकं पुढे केलं. त्यावर सोनेरी अक्षरांत, महाराजांच्या सहीने छापलं होतं: 'ही आमची लेक. आपल्या घरी सुखाने नांदो.'

दिवाणजींचा चेहरा उतरला. "सासरी दिलेली लेक गेली तरी आईबापांना तीन दिवस सुतक असतं, महाराज. परवाचा मुहूर्त हुकला. पुढचा थेट दिवाळीनंतर!"

"मेली कोण म्हणतं?" महाराज ताडकन उठले. "जिवंत आहे ती! जरा निपचित पडलीय, इतकंच!"

सगुणेने डोळे पुसले. ते कोरडेच होते.

"जिवंत आहे? मग हमीही जिवंत आहे, महाराज! आजारी लेकीला माहेरी ठेवून घ्या, आणि माझ्याकडे नांदायला तिची धाकटी बहीण पाठवा!"

महाराज पोट धरून हसत सुटले. "दिवाणजी, तुमच्या जागी हिलाच नेमावं म्हणतो!"

दिवाणजी हसले नाहीत.

महाराजांनी स्वतःच्या मेजावरची कोरी डिस्क सगुणेच्या हाती दिली, वर पाठवणीची म्हणून पैठणीही. दुकान चालू आहे.

मात्र ही डिस्क महाराजांच्या मेजावरची असल्याने ती हमीपोटी दिल्याची नोंद होऊ शकली नाही. मूळ अर्जावर कारखान्याचा शेरा असा: 'डिस्क चालू करून दाखवल्यास ती बंद असल्याची खात्री करता येईल.'

अर्ज प्रलंबित आहे.