प्रकाशामागे गेलेला भाऊ

नदीपलीकडच्या एका गावी, महादेवाच्या देवळात दोन जुळे गुरव बंधू सेवा करीत असत. त्यांच्या घराण्याचा नेम असा: पाण्यावर ठेवलेले घटिकापात्र साठ वेळा बुडाले, की एक दिवस झाला, मग शिवनाम घेऊन दोऱ्याला एक गाठ मारायची. जो नेम मोडील, त्याला गाभारा बंद.

थोरल्याला एकदा ध्यास लागला, की धावत्या प्रकाशाला गाठावे. त्याने एक अद्भुत रथ सिद्ध केला, घटिकापात्र व कोरा दोरा बरोबर घेतला आणि तो आकाशमार्गे निघून गेला.

चाळीस वर्षांनी तो परतला आणि वेशीवरच्या धर्मशाळेत आठ दिवस राहून देवळाकडे आला. धाकट्याचे केस पांढरे झाले होते. थोरला मात्र तिशीही न ओलांडलेला तरुण!

गावकऱ्यांनी त्याला देवळाच्या पायरीवरच अडवले.

"बहुरूपी दिसतो," पाटील म्हणाले. "काय रे, पांढरी दाढी लावायला विसरलास होय?"

"पाटील, मी थोरला गुरवच. प्रकाशाच्या वेगाच्या अगदी जवळ पोहोचलो होतो. पण मी कितीही धावलो, तरी तो माझ्यापुढे पूर्वीइतक्याच वेगाने पळत राहिला. त्याला गाठता आले नाही. रथात मात्र माझी तीनच वर्षे सरली."

"आमची चाळीस आणि याची तीन!" एक म्हातारी फणकारली. "काळ काय याच्या घरी पाणी भरतो?"

"दोरा दाखव," धाकटा कोरडेपणाने म्हणाला.

गाठी मोजल्या. तीन वर्षांच्याच भरल्या.

"कदाचित पात्रच सदोष असेल," कोणी सुचवले. तेव्हा दोघांची पात्रे एकाच घंगाळात सोडली. दोन्ही एकदमच बुडाली.

"पात्र खरे, म्हणजे माणूस खोटा," पाटलांनी निवाडा दिला. "उतर खाली!"

थोरला पायऱ्या उतरू लागला. धाकटा त्याच्याकडे रोखून पाहत होता.

"थांब. वेशीवरच्या धर्मशाळेत तू आठ दिवस होतास. किती वर्षे लोटली, हे तुला तिथेच कळले असणार. उरलेल्या गाठी तिथेच का नाही मारून घेतल्यास?"

"जे नाम घेतलेच नाही, त्याची गाठ कशी मारू?"

धाकट्याचा चेहरा पालटला. "पाटील, फसवायला आलेला माणूस दोरा भरून आणतो. याने नेम मोडला नाही. याचे दिवसच तेवढे झाले."

आणि तो पिकल्या केसांचा म्हातारा त्या तरुणाच्या पायांशी वाकला.

"आत चल, दादा. आजची आरती तुझी."

पाटलांना पटले की नाही, तो महादेवच जाणे. पण त्यांनी वाट सोडली.

तात्पर्य: ज्याच्या त्याच्या वाटेप्रमाणे ज्याचा त्याचा काळ चालतो, म्हणून आपल्या घटकांनी दुसऱ्याची निष्ठा मोजू नये.