लाल राज्याची सात पत्रं

“दहातले किती, चाचा? तेवढं एकच सांगा. फौजेला किती, तहाला किती, शोधाला किती?”

दिलावरचाचा भोपळा घासत होते. मिरजेतलं त्यांचं सतारीचं दुकान, दुपारची वेळ, आणि समोर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेली ही इस्लामपूरची पोरगी.

“तू किती टाकतेस?”

“चार, तीन, तीन.” ऊर्जितानं वही पुढे केली. “दोनशे डाव खेळून काढलंय. यात चूक नाही.”

“मग माझ्याकडं कशाला आलीस?”

ऊर्जितानं वही चाचांपुढंच ठेवली आणि लॅपटॉपवर खेळ उघडला.

खेळाचं नाव ‘सरहद्द’. दोन राज्यं, मध्ये एक घाट. एकानं चाल करायची, मग दुसऱ्यानं. दर चालीला दहा वाटे मिळतात. त्यातून फौज उभी करा, शेजाऱ्याकडं दूत पाठवा, नाहीतर शाळा काढून नवं काही शोधा. ऊर्जिता यात जिल्ह्यात पहिली. राज्यस्तरीय अंतिम फेरीत मात्र दोनदा हरली, आणि दोन्ही वेळा एकाच तऱ्हेनं. सगळं सुरळीत चाललेलं असताना शेजारी एकदम अंगावर आला.

आठ दिवसांनी पुण्यात पुन्हा अंतिम फेरी होती. याही वेळी हरली तर जिल्ह्याच्या संघातून नाव जाणार, हे तिला तोंडावर सांगून झालं होतं.

चाचांनी हा खेळ म्हातारपणी नातवाकडून उचलला. नातू राहिला मागं, आणि चाचांनी दोन राज्यविजेत्यांना धूळ चारली, तीही याच दुकानात, भोपळा घासता घासता. शिकवलं मात्र कुणालाच नाही. आले तितके परत पाठवले.

“मला हरव,” चाचा म्हणाले. “हरवलंस तर शिकवीन.”

“तुम्हाला हरवलं तर शिकायचं काय उरलं?”

“ते हरवल्यावर बघू.”

डाव सुरू झाला. तिचं लाल राज्य, चाचांचं हिरवं. लॅपटॉप एकच, त्यामुळं आपली चाल झाली की तो समोर सरकवायचा आणि भिंतीकडं तोंड करून बसायचं. भिंतीवर बिनतारांच्या सतारी टांगलेल्या. ऊर्जितानं त्या तीन वेळा मोजल्या. दुसऱ्याची चाल चालू असताना करायचं तरी काय माणसानं?

तिची चाल आली की मात्र हात थांबत नव्हता. चार, तीन, तीन. फौज घाटाकडं सरकली. दूत पत्र घेऊन गेला. शाळेत कालवे शोधले, औषधं शोधली. चाळिसाव्या चालीला लाल राज्य उघड उघड पुढं होतं.

लॅपटॉप चाचांकडं सरकवताना तिला हसू आवरेना.

चाचांनी तो घेतला नाही. हात पुसले, उठले, आणि तिच्या शेजारी येऊन उभे राहिले.

“ऊठ.”

“का?”

“माझ्या जागेवर बस. हिरवं तू घे. लाल मी खेळतो.”

“पण लाल जिंकतंय, चाचा.”

“मग मला बरंच आहे की.”

ऊर्जिता उठली. मनात म्हणाली, चालेल, हेही जिंकून दाखवते. या बाबतीत तिला स्वतःबद्दल कधी शंका नव्हती.

ती चाचांच्या जागेवर बसली आणि हिरव्याच्या बाजूनं पडदा उघडला.

घाटात फौज दिसत होती. लाल, तोंडापर्यंत आलेली.

शाळा दिसत नव्हत्या. कालवे नाहीत, औषधं नाहीत. शेजाऱ्याच्या घरात काय चाललंय ते या बाजूनं दिसतच नाही, फक्त सरहद्दीवर काय उभं आहे तेवढं दिसतं. हे तिला ठाऊक होतं. कुणालाही विचारा, नियमच आहे तो. पण या बाजूला बसून आपलंच राज्य तिनं कधी पाहिलं नव्हतं.

तिनं पत्रं उघडली. लाल राज्याकडून आलेली सात पत्रं. सातही पत्रांत एकच मजकूर: आपली मैत्री अशीच राहो. आणि सातही पत्रं फौज पुढं सरकली त्याच्या पुढच्याच चालीला आलेली.

“ही काय मैत्री झाली?” तिच्या तोंडून निघून गेलं.

मग तिला आठवलं, ही लिहिली कुणी.

खाली हिरव्या राज्यानं धाडलेली दोन उत्तरं होती. पहिलं: घाटात फौज कशासाठी? दुसरं: माणूस पाठवा, बसून बोलू. दोन्हींपुढं खूण होती, न वाचलेलं.

ऊर्जिताचे कान तापले. उत्तर वाचायला एकही वाटा लागत नाही. वाट्यांच्या हिशेबात ते बसतच नव्हतं, म्हणून तिनं कधी वाचलंच नव्हतं.

“चाल कर, बेटा,” चाचा भिंतीकडं बघत म्हणाले. “का वेळ लावतेस?”

काय करणार होती ती? असा शेजारी उशाशी असताना शाळा कोण काढतं? दहाच्या दहा वाटे तिनं फौजेत घातले. पुढच्या चालीला पुन्हा दहा. लालकडून आठवं पत्र आलं, मैत्रीचं. ते तिनं उघडलंसुद्धा नाही. नववं आलं.

सेहेचाळिसाव्या चालीला ती घाटातून खाली उतरली. अगदी एकदम, बेसावध गाठून.

त्रेपन्नाव्या चालीला लाल झेंडा पडला.

चाचांनी घासायचा कागद उचलला आणि भोपळा पुढं ओढला.

“तुम्ही मुद्दाम हरलात,” ऊर्जिता म्हणाली.

चाचांनी तिचीच वही तिच्यापुढं ठेवली. “चार, तीन, तीन. दर चालीला. फौज कुठं, पत्र कधी, सगळं तू लिहून ठेवलंयस तसं. एका ठिकाणी चुकलो असेन तर दाखव.”

तिनं एकेक चाल पुन्हा लावून पाहिली. बराच वेळ लागला. चाचांनी मध्ये चहा मागवला, तो तिच्यापुढं निवून गेला. चूक एकही नव्हती. पुण्यातल्या त्या दोन्ही फेऱ्या आता तिला लख्ख दिसत होत्या. शेजारी एकदम अंगावर आला, असं ती सगळ्यांना सांगत सुटली होती. चांगल्या चाळीस-चाळीस चाली तिनंच त्याला बोलावून आणलं होतं. तिला स्वतःची लाज वाटली, आणि रडूही आलं. रडू तिनं गिळलं.

पण पोरगी हार खाऊन गप्प घरी जाणाऱ्यांतली नव्हती. वही मिटून तिनं सरळ चाचांकडं पाहिलं.

“ते काही असो. डाव मी जिंकले. तुमची अट होती, हरवलंस तर शिकवीन.”

“होती.”

“मग?”

चाचांनी भोपळा उचलून उजेडात धरला, फुंकर मारून त्यावरची भुकटी उडवली.

“झेंडा कुणाचा पडला?”

“माझा.”

“मग जी जिंकली, तिला माझा सलाम सांग. तिला शिकवण्यासारखं माझ्याकडं काही नाही.” चाचा पुन्हा घासायला लागले. “जी हरली, तिला उद्या सकाळी पाठवून दे.”