तीन दिवसांचं पाहुणपण

त्या मुलखात तळं एकच होतं आणि त्याला काठ दोन होते. पाऊसकाळात त्याचं कुणाला काही वाटत नसे. पाणी उदंड असलं की सगळेच दिलदार असतात. पण उन्हाळ्यात तळं आटत आटत परातीएवढं व्हायचं, आणि मग कुणी आधी प्यायचं नि कुणी मागून, यावरून शिंगाला शिंग लागायचं. म्हणून तिथे एक पंच असे. पंचाने म्हणायचं, "आज आधी भेकरं, मग डुकरं," की विषय संपला. त्याच्यावर दाद मागायला दुसरी जागा नव्हती. आणि पंच एकदा बसला की मरेपर्यंत हलत नसे, त्यामुळे बसवतानाच काय ते बघून घ्यावं लागे.

पंचाचं नाव सुचवायचा मान थोरल्या गव्याचा. पण गव्याने सुचवलं म्हणून कुणी पंच होत नव्हतं. नाव सभेपुढे यायचं. सभेत दोन्ही काठांचे मिळून एक्केचाळीस सभासद. होकाराला हिरवं पान टाकायचं, नकाराला वाळकं. गवा ज्या काठचा, त्या काठाला नाव गोड लागायचं आणि दुसऱ्याला खुपायचं, हे तर आलंच. जनावरं झाली म्हणून काय झालं!

पूर्वकाठाची साळूबाई ही सभेतली सगळ्यात जुनी सभासद. काट्यांची टोकं पार पांढरी झालेली, पुढचा एक दात हलता. तिने सात पंच बसवताना पाहिले होते आणि चार परत पाठवताना. तिला विचारलं तर परत पाठवलेल्या चारांच्याच आठवणी ती जास्त रंगवून सांगायची.

तिच्या तरुणपणी एक रीत होती. पूर्वकाठाचं नाव आलं, की त्या उमेदवाराने पश्चिमकाठावर जाऊन तीन दिवस राहायचं. पश्चिमेचं आलं, तर पूर्वेला. याला पाहुणपण म्हणत. तिथलंच खायचं, तिथल्याच गवतावर अंग टाकायचं, तिथल्या पोराबाळांचा उच्छाद सोसायचा. कुणी काही विचारायचं नाही. नुसतं बघायचं. चौथ्या दिवशी सभा भरायची आणि मग मात्र विचारणाऱ्यांनी सालटी काढायची. पण तीन दिवस मांडीला मांडी लावून जेवलेल्याची सालटी काढताना हात जरा जपूनच चालतो, आणि उत्तर देणाऱ्यालाही खोटं बोलणं जड जातं. त्याने घोरलेलं ऐकलेल्यांसमोर किती आव आणणार?

एकदा पूर्वकाठच्या गव्याने एका सशाचं नाव पुढे केलं होतं. काय देखणा ससा! बोलणं तर असं, की ऐकणाऱ्याने मान डोलावावी. पाहुणपणाच्या दुसऱ्या दिवशी पश्चिमकाठाच्या घोरपडीने साळूबाईला उंबराखाली गाठलं.

"साळे," ती म्हणाली, "तुझा ससा सकाळी एका लंगड्या पाडसाच्या पुढे घुसून प्याला. दोनदा. कुणी बघत नाहीसं पाहून."

"तू कुठून बघितलंस?"

"मी दगडावर होते. मला दगड समजला तो."

साळूबाईला राग आला, पण घोरपडीचा नाही, सशाचा आला. तिने स्वतःच्याच काठाच्या उमेदवाराला वाळकं पान टाकलं, आणि तिच्या काठावर कुणी तिच्याशी बोलायचं थांबलं नाही. घोरपड आणि ती सभेत एकमेकींवर अशा तुटून पडत, की नव्या सभासदांना वाटे आता हाणामारीच होणार. सभा उठली, की दोघी उंबराखाली. पडलेली उंबरं वेचायची, किडकी बाजूला करायची आणि दिवसभरातली आपलीच भाषणं आठवून हसायचं. साळूबाईच्या मते आयुष्यात याहून चांगले दिवस तिने पाहिले नव्हते, आणि ते खरंही असेल.

ती रीत कुणी एकाने मोडली नाही. तशी कुठलीच रीत एकट्याने मोडत नसतं कुणी. एका वर्षी पश्चिमकाठाने पूर्वेच्या उमेदवाराला तीन दिवसांचा पाहुणा म्हणून नेलं आणि सोडलंच नाही. "अजून नीट ओळख झाली नाही," म्हणत तिनाचे नऊ केले, नवाचे सत्तावीस. उन्हाळा पंचाशिवाय गेला. पुढल्या खेपेला पूर्वकाठाने त्याचं उट्टं काढलं आणि पश्चिमेच्या उमेदवाराला पाहुणपणात वाळलेलं कुसळ खायला घातलं. मग एकमेकांकडे जाणंच बंद पडलं. आता उमेदवार आपल्याच काठावर उभा राही आणि पलीकडचे पाण्यावरून ओरडून प्रश्न विचारत. पाण्यावरून आवाज येतो, पण अर्धामुर्धा येतो.

अशातच एका वर्षी जुना पंच वारला आणि पूर्वकाठच्या थोरल्या गव्याने खवल्याचं नाव सुचवलं.

खवल्या म्हणजे खवलेमांजर. साळूबाईच्या बिळाशेजारच्या बिळात तो लहानाचा मोठा झाला होता. अबोल, सरळ, मुंगीच्या वाटेला जाईल पण कुणाच्या अध्यात ना मध्यात. दोघा भावांच्या भांडणात तो असा काही न्याय सांगायचा, की हरलेलाही "बरोबर आहे बुवा" म्हणत घरी जायचा. साळूबाईने इतक्या वर्षांत पंचाच्या लायकीचा असा जीव पाहिला नव्हता. नाव ऐकून तिचे डोळे भरून आले.

त्याची एकच खोड होती. कुणी अंगावर ओरडलं की तो अंगाची गुंडाळी करायचा. ढग गडगडला तरी करायचा. त्यात लबाडी नव्हती की भेकडपणा नव्हता. त्याचं अंगच तसं घडलेलं होतं. त्याच्यासोबत तीन दिवस काढले असते, तर कुणाच्याही हे ध्यानात आलं असतं.

हे खवल्यालाही कळत होतं. "मावशी," तो म्हणाला, "मला पलीकडे जाऊ द्या ना. तीन दिवस काय, सहा राहीन. कुसळ तर कुसळ."

साळूबाई त्याला घेऊन मुंगसाकडे गेली. पूर्वकाठाची पानं मोजून ठेवायचं काम मुंगसाकडे होतं. कोण हिरवं टाकणार, कोण डळमळतोय, हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं.

"पाहुणपण?" मुंगूस म्हणालं. "मावशी, तुम्ही कुठल्या जमान्यात आहात? आपण एकवीस, ते वीस. कशाला जायचं?"

"ते त्याला ओळखतील म्हणून."

"आणि तिकडच्या वारुळावर तीन दिवस जेवून हा तिकडचाच झाला म्हणजे? खाल्ल्या मुंगीला जागतात जनावरं."

"अरे, रीत आहे ती!"

"कुठे लिहिलीय, दाखवा."

लिहिलेली कुठेच नव्हती. साळूबाईचे काटे ताठ उभे राहिले आणि मग एकेक करून खाली बसले.

सभेचा दिवस उजाडला. पलीकडच्या दगडावर घोरपड चढली. तीही आता म्हातारी झाली होती, पण पकड तीच. तिने विचारलं, "तुझ्या काठचं डुक्कर आणि आमच्या काठचं भेकर उन्हाळ्यात एकाच वेळी पाण्यावर आलं, तर आधी कोण?"

प्रश्न चोख होता. साळूबाईने मनातल्या मनात शाबासकी दिली. खवल्याने उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागून रानडुकरांनी "खवल्या! खवल्या!" असा गजर सुरू केला, आणि समोरून भेकरांनी भुंकायला सुरुवात केली. मधल्या पाण्याने दोन्ही आवाज दुप्पट करून परत पाठवले. खवल्याने एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे पाहिलं, आणि अंगाची घट्ट गुंडाळी केली.

"बघा!" पलीकडून ओरडा झाला. "तोंड लपवलं! पोटात काहीतरी आहे याच्या!"

"वाहवा!" अलीकडून ओरडा झाला. "काय संयम! असल्या प्रश्नांना उत्तरच देत नाही आमचा गडी!"

साळूबाई उठली. "अहो, ऐका तरी," ती पलीकडे बघून म्हणाली, "तो आवाजाला घाबरतो. घाबरला की त्याचं असंच होतं. गप्प बसा थोडे, तो बोलेल..."

मुंगसाने तिचा काटा धरून तिला खाली ओढलं. "मावशी! ऐन सभेत आपल्याच उमेदवाराला घाबरट म्हणता? आपल्यातले तिघं डळमळतायत. हे ऐकलं तर गेलीच त्यांची पानं!"

आणि साळूबाई बसली. जन्मात पहिल्यांदा सभेत अर्धं वाक्य टाकून बसली. पलीकडच्या दगडावरून घोरपड तिच्याकडेच बघत होती, उरलेल्या अर्ध्या वाक्याची वाट बघत होती. ते आलं नाही.

वीस हिरवी पडली, वीस वाळकी पडली, आणि साळूबाईची पाळी आली. मुंगसाने कानाशी येऊन सांगितलं, की हे नाव पडलं तर गव्याने दुसरं नाव तयार ठेवलंय: मुसळ्या. मुसळ्या म्हणजे डुकरांच्या कळपाचा नायक. तो पंच झाला तर पश्चिमकाठाला उन्हाळ्यात चिखलही चाटायला मिळाला नसता. एका पंजात तिच्याकडे हिरवं पान होतं, दुसऱ्यात वाळकं. पाहुणपणाशिवाय पंच बसवायचा नाही म्हणून वाळकं टाकावं, तर मुसळ्या. हिरवं टाकावं, तर निदान खवल्या. आणि खवल्या खरा होता, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

तिने हिरवं टाकलं. पूर्वकाठाने असा काही जल्लोष केला, की नवा पंच पुन्हा गुंडाळी होऊन बसला.

सभा उठल्यावर साळूबाई उंबराखाली जाऊन बसली. चांगली पिकलेली उंबरं वेचून तिने दोन ढीग केले. ऊन कलेपर्यंत वाट पाहिली. मग एक ढीग खाल्ला आणि दुसऱ्याला मुंग्या लागल्यावर उठून घरी गेली.

त्या वर्षी उन्हाळा लवकर आला आणि हटून बसला. तळं आटलं, चिखलाला भेगा गेल्या, आणि जे काही पाणी उरलं ते पूर्वकाठाच्या खडकाखालच्या खळग्यात उरलं. पश्चिमकाठाच्या जनावरांना भेगाळलेला चिखल तुडवत इकडे यावं लागे. सकाळचं पाणी थंड आणि नितळ असे. ते डुकरं पीत, वर त्यात लोळत, आणि मग बाकीच्यांच्या वाट्याला चिखलाची राबडी येई. शेवटी पश्चिमकाठाची सगळी जनावरं घोरपडीला पुढे घालून पंचासमोर उभी राहिली. डुकरं दुसऱ्या बाजूला उभी राहिली, मुसळ्या सगळ्यांच्या पुढे. मुंगूस खडकावर बसलं होतं, निकाल खिशात असल्यासारखं.

साळूबाई खळग्याच्या कडेला होती.

त्या दिवशी कुणी ओरडलं नाही. तहानेने घसे कोरडे पडले होते. खवल्याने दोघांचं शांतपणे ऐकून घेतलं. मग खळग्यापाशी जाऊन पाण्याची खोली आपल्या नखांनी मोजली, पश्चिमकाठाची पाडसं मोजली, आणि म्हणाला, "सकाळ पश्चिमकाठाची. आजपासून पहिला पाऊस पडेपर्यंत. डुकरांनी ऊन उतरल्यावर यावं, आणि पाण्यात लोळायचं नाही. लोळलं त्याला चार दिवस पाणी बंद."

मुंगसाचं तोंड बघण्यासारखं झालं. मुसळ्या गुरगुरला, पण बाजूला सरला. पंचाचा शब्द होता. खळगा मोकळा झाला. पाणी अगदी नितळ होतं, तळातले खडे दिसत होते. साळूबाईला वाटलं, नाचावं! हाच तो खवल्या, हेच ती त्या दिवशी सांगायला उठली होती. तिने हसून पश्चिमकाठाकडे पाहिलं.

तिकडे कुणीच हललं नव्हतं.

"इतक्या सहज?" एक भेकर कुजबुजलं. "डुकरांच्या पंचाने?"

"पाणी मुरतंय कुठेतरी," दुसरं म्हणालं. "आपण वाकलो की मागून काहीतरी होणार."

"पाण्यातच काही असेल."

एक पाडस पुढे निघालं, तर त्याच्या आईने मानेने त्याला मागे लोटलं. पाडस रडायला लागलं. त्याच्या ओठांना भेगा पडल्या होत्या. खवल्या एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिला. आपण काय चुकलो, हे त्याला उमगेना. "प्या ना," तो हळूच म्हणाला. ते ऐकून पुढची रांग आणखी एक पाऊल मागे सरली.

मग घोरपड खळग्याच्या कडेपर्यंत आली. तिने जीभ काढून पाण्यावरची हवा चाटली, एकदा, दोनदा. तिचा घसा आत ओढला जात होता. किती दिवसांची तहानेली होती, कोण जाणे. तिने मान वर केली आणि साळूबाईकडे पाहिलं.

"साळूबाई," ती म्हणाली, "आधी तुम्ही प्या."

साळूबाईला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. पण घोरपड जागची हलली नाही. म्हातारी साळू पुढे झाली, खळग्यावर वाकली आणि तिने एक घोट घेतला. पाणी थंडगार होतं, गोड होतं. तिने डोळे वर केले. खळग्यापलीकडे सगळा पश्चिमकाठ, म्हातारे, पोरं, पाडसं, श्वास रोखून तिच्या घशाकडे टक लावून बघत होता, की घोट खाली उतरतो का, आणि उतरल्यावर ती उभी राहते का.